कवडशाचं वेळापत्रक

कौलारू शाळेत जो शिकला, त्याच्या डोळ्यांत एक ऊन कायमचं राहून जातं. अंगणातलं पांढरं, पसरट, डोळे दिपवणारं ऊन निराळं. हे ऊन छपराखालच्या काळोखातून वाट काढत उतरलेलं असतं, सडसडीत आणि तिरकं, अंगात खडूच्या धुळीचे कण घेऊन सावकाश फिरणारं. कौलांमध्ये बसवलेल्या एका काचेच्या कौलातून ते खाली येतं, कोब्यावर चौकोनी होऊन पडतं, आणि मग कुणाच्या नकळत सरकू लागतं. कुणाच्या पाटीवरून, कुणाच्या मांडीवरून, उघड्या पुस्तकाच्या कोपऱ्यावरून. हात पुढे केला तर हातावर चढतं, मूठ मिटली तर मुठीच्या पाठीवर जाऊन बसतं. आजही एखाद्या जुन्या घराच्या माजघरात तसा कवडसा दिसला, की घरातल्या माणसांशी बोलता बोलता माझं लक्ष जमिनीकडे जातं. मधली सुट्टी व्हायला किती वेळ आहे, हे मन आपोआप मोजू लागतं.

कारण आमच्या लहानपणी शाळेत घड्याळ होतं ते गुरुजींच्या मनगटावर, आणि ते त्यांच्यापुरतं. आमचं घड्याळ जमिनीवर होतं. कवडसा दाराच्या उंबऱ्याच्या रेषेत आला की मधली सुट्टी, हे आम्ही गुरुजींच्या आधी जाणायचो. पावसाळ्यात ते घड्याळ बंद पडे. जूनपासून पुढे कितीतरी दिवस काचेच्या कौलावर नुसता पावसाचा आवाज, खाली करडा, ओला उजेड, आणि दुपार केव्हा झाली हे भुकेनं कळायचं. मग भाद्रपद सरता सरता एखाद्या दिवशी अचानक तो चौकोन जमिनीवर परत येई. आणि आम्हाला दिसे, की तो जागा बदलून आला आहे. मेच्या सुट्टीआधी जिथे होता तिथे आता नाही. कुठे गेला होता? कुणी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. पुस्तकात त्या वर्षी तो धडा नव्हता.

ते न विचारलेलं मनात घेऊनच मी मोठी झाले असणार. बी.एस्सी. झालं, बी.एड.ला प्रवेश मिळाला, आणि तिथे पहिल्यांदा कळलं की शिकवण्याआधी शिकवणं लिहावं लागतं. पाठ टाचणाच्या त्या लांबट वह्या! डाव्या समासात उद्दिष्टं, त्यापुढे स्पष्टीकरणं, मग अध्ययन अनुभव, फलकलेखन, स्वाध्याय. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी उद्दिष्टांची उतरंड. तिच्या मागे बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली मांडलेलं वर्गीकरण आहे, हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं. त्याच्याही आधी, 1949 साली, राल्फ टायलर यांनी शिक्षकापुढे ठेवलेले चार प्रश्न: कुठे पोचायचं, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कसे रचायचे, आणि पोचलो हे कशावरून ओळखायचं. वसतिगृहाच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत आम्ही मुली ही टाचणं काढत बसायचो. निळ्या शाईचा वास, लाल शाईनं ओढलेल्या समासरेषा, आणि बाहेर कुठेतरी रातकिडे. चार प्रश्न साधे दिसायचे. त्यांची उत्तरं मात्र कुठल्या तरी कल्पनेतल्या वर्गासाठी लिहिलेली असायची. त्या वर्गातली मुलं नेमकी हवी तीच उत्तरं देत, आणि तिथे कधी पाऊस पडत नसे.

मग नोकरी लागली. सिंधुदुर्गातली एक पूर्ण प्राथमिक शाळा, जिल्हा परिषदेची. पद होतं पदवीधर शिक्षकाचं, म्हणजे सहावी ते आठवीचं गणित आणि विज्ञान माझ्याकडे. भाषेचे पदवीधर शिक्षक वयानं मोठे होते, डी.एड.वर लागलेले, पहिली-दुसरी शिकवता शिकवता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालेले, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत अभ्यास करून. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही गुरुजीच म्हणायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला वर्ग दाखवला. पट थोडा, म्हणून सहावी आणि सातवी एकत्र बसत. मी दारात उभी राहिले, आणि आत काळोखाला डोळे सरावण्याआधीच छपराकडे पाहिलं. होतं. मधल्या वाशाच्या उजव्या अंगाला एक काचेचं कौल होतं. बाहेर जूनचा पाऊस कोसळत होता, त्यामुळे खाली काही नव्हतं. पण ते येणार होतं.

त्या काळात आमच्या हाती अध्ययन निष्पत्ती आल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत 2017 च्या फेब्रुवारीत सुधारणा झाली, एनसीईआरटीनं इयत्तावार आणि विषयवार निष्पत्ती तयार केल्या, राज्यानं त्या मराठीत आणल्या, आणि पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर त्या आकड्यांसह छापून येऊ लागल्या. पहिले दोन आकडे इयत्तेचे, मधले विषयाचे, शेवटचे निष्पत्तीचे. सहावीचं विज्ञान 06.72 नं सुरू व्हायचं. जुन्या शिक्षकांना हे सगळंच नवं नव्हतं. नव्वदच्या दशकातल्या किमान अध्ययन क्षमता त्यांनी पाहिल्या होत्या, 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं आलेलं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन त्यांच्या अंगवळणी पडलं होतं, आकारिक-संकलित, वर्णनात्मक नोंदी, सगळं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत निष्पत्तींचे तक्ते वाटले गेले तेव्हा काहींनी ते घडी घालून पिशवीत ठेवले. मी मात्र ते घरी नेऊन वाचले. पुन्हा पुन्हा वाचले.

मला ते तक्ते आवडले, हे मी मनापासून सांगते. त्या कोरड्या वाक्यांत मूल कर्ता होतं. शिक्षकानं काय शिकवावं, पुस्तकाचं कितवं पान संपवावं, याबद्दल तिथे शब्द नव्हता. मूल काय करू लागेल, हे होतं. ते निरीक्षण करेल, फरक सांगेल, साधी चौकशी स्वतः करून पाहील, मोजेल, हाताशी असलेल्या वस्तूंतून काही घडवेल, सावली कशी पडते याचं कारण सांगेल. आणि यादीच्या शेवटाशी, जिथे वाचणाऱ्याचे डोळे थकलेले असतात तिथे, प्रामाणिकपणा, वस्तुनिष्ठता, सहकार्य आणि भीती व पूर्वग्रह यांपासून मुक्ती. सहावीतलं मूल भीतीतून मोकळं व्हावं, अशी अपेक्षा या देशानं विज्ञानाच्या यादीत लिहून ठेवली आहे. त्या रात्री मी तो कागद उशाशी ठेवून झोपले.

या मागणीचं मूळ आपल्याकडे फार जुनं आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगितलं होतं: मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता येणं, हिशोब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्याचे धडे. शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती शाळेतून नेमकं काय पडलं पाहिजे, तिथून त्यांनी मागे येत अभ्यासक्रमाचा विचार केला. आणि कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर अभ्यासक्रमच उचलून मुलांमागे नेला. आदिवासी मुलं गुरं राखायला कुरणात जात, म्हणून शाळा कुरणात गेली, कुरणशाळा. पोचायचं ठिकाण पक्कं, आणि निघायचं ठिकाण मूल जिथे असेल तिथे. या दोन टोकांच्या मध्ये जी वाट काढायची असते, तिलाच आम्ही नियोजन म्हणतो, आणि ती वाट शिक्षकाशिवाय दुसरं कुणी आखू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाट कशी आखली जाते ते सांगते.

सहावीच्या सामान्य विज्ञानात प्रकाश आणि छायानिर्मितीचा पाठ पुस्तकाच्या शेवटाकडे येतो. वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात तो दुसऱ्या सत्रात बसतो, जानेवारी नाहीतर फेब्रुवारीत, अमुक तासिका, अमुक शैक्षणिक साहित्य. मेणबत्ती, पुठ्ठा, काच, तेलकट कागद. चांगलं आहे, तेही करावंच. पण माझ्या डोळ्यांपुढे तो चौकोन होता. तो सप्टेंबरच्या अखेरीस यायला लागणार, आणि मार्चपर्यंत रोज न बोलावता येणार. जानेवारीत धडा उघडायचा असेल तर निरीक्षण सप्टेंबरातच सुरू व्हायला हवं होतं. तक्त्यात असा रकाना नव्हता, ज्यात एकच गोष्ट सहा महिने चालते. मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात, दर शुक्रवारी दुपारी पाच मिनिटं. मुख्याध्यापकांनी सही करताना ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली.

शनिवारी सकाळची शाळा, म्हणून शुक्रवार. गावातल्या गवंड्याकडून ओळंबा आणला. काचेच्या कौलाच्या मध्यातून दोरी सोडून खाली नेमका बिंदू काढला, होकायंत्र ठेवून त्या बिंदूतून उत्तर-दक्षिण रेषा ओढली, लाल ऑइलपेंटनं, पुसली जाऊ नये म्हणून. मुलं गुडघ्यांवर बसून बघत होती. आणि मग शुक्रवारची वाट पाहणं सुरू झालं. कवडसा सकाळी पश्चिमेकडे असे. सूर्य चढेल तसा तो पूर्वेकडे निघे. आणि मधल्या कुठल्या तरी क्षणी त्या लाल रेषेवर यायचा. ज्या मुलाची पाळी असेल त्यानं त्याच्या मध्यावर खडूनं खूण करायची, तारीख लिहायची, वेळ लिहायची. तो क्षण जवळ आला की वर्ग श्वास धरायचा. धुळीचे कण त्या उजेडाच्या पट्ट्यात वर जात राहायचे, आणि खाली तो चौकोन इतक्या हळू सरकायचा की सरकताना दिसायचा नाही, सरकलेला दिसायचा.

दुसऱ्याच शुक्रवारी प्रश्न आला. सहावीतला एक मुलगा, जो एरवी नाव विचारलं तरी जमिनीकडे बघायचा, मनगटावर बापाचं घड्याळ बांधून आला होता. "बाई, बारा वाजान गेले, तरी ह्यो कवडसो रेषेर कित्याक येवक नाय?"

खरंच, कित्याक?

त्याचं उत्तर आहे. आपली प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची, आणि आमचं गाव त्याच्या कितीतरी पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमच्याकडे सूर्य सरासरी पस्तीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पण हे उत्तर सहावीचं नाही. स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा पाठ आठवीच्या भूगोलात आहे. तक्त्याच्या हिशोबानं त्या मुलाला हा प्रश्न पडायला अजून दोन वर्षं होती. पण प्रश्न पडला होता, आणि तो पडल्यावर त्या मुलाचा चेहरा वर उचललेला होता. निष्पत्ती वाचून वाचून मला एवढं उमगलं होतं की तो तक्ता मुलानं निदान कुठवर यावं हे सांगतो, त्यापुढे जाऊ नये असं कुठे म्हणत नाही. मी पृथ्वीगोल आणला. आम्ही त्यावर साडेब्याऐंशीची रेषा शोधली, मग कोकणाचा किनारा शोधला, आणि खिडकीतल्या उन्हात तो गोल हळूहळू फिरवला. पहिल्यांदा ती रेषा उजेडात आली. मग, जरा वेळानं, आम्ही. वर्गात कुणीतरी "आ" केलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पुढे मुलांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती माझ्याही लक्षात त्यांच्यामुळेच आली. रेषेवर येण्याची वेळ दर शुक्रवारी तीच राहत नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास, नाताळात पस्तीसच्या पुढेमागे, फेब्रुवारीत पन्नासला टेकलेली. सूर्याभोवती पृथ्वीचा मार्ग किंचित लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्याची दुपार घड्याळाच्या दुपारीशी कधी पुढे, कधी मागे खेळते. एवढं सगळं त्या वर्षी मी सांगितलं नाही. सातवीच्या मुलांनी आलेखकागदावर आठवडे आणि मिनिटं मांडून रेघ काढली, ती भिंतीवर लावली, आणि ती रेघ तशी का वळते हा प्रश्न तिच्याखाली लिहून ठेवला. काही प्रश्न भिंतीवर राहू द्यावेत. मुलं येता-जाता त्यांच्याकडे बघतात.

खुणा मात्र उत्तरेकडे चालल्या होत्या. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर; एकेक शुक्रवार, एकेक खडूची फुली, ओळंब्याच्या बिंदूपासून दूर, दूर. दक्षिणायनातला सूर्य खाली खाली उतरत होता आणि त्याचा उजेड आमच्या उत्तरेच्या भिंतीकडे लांबत होता. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या जवळजवळ एकावर एक पडू लागल्या, आणि नव्या वर्षात परत फिरल्या. "बाई, मागे फिरलो!" सगळा वर्ग उठून उभा. ऋतुनिर्मितीचा पाठ सातवीच्या भूगोलात आहे; त्या दुपारी तो आमच्या पायांखाली होता. गुरुजींनी त्याच आठवड्यात भाषेच्या तासाला मुलांना कवडशाचं आत्मवृत्त लिहायला दिलं. मला त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून ते नुसते हसले.

आणि माकडांची आठवण काढल्याशिवाय कोकणातल्या शाळेबद्दल लिहिता येत नाही. वानरांची टोळी छपरावरून गेली की कौलं सरकतात, फटी पडतात. पावसाआधी माणूस लावून ती परतावी लागतात. त्या फटींतूनही ऊन येई, छोटे छोटे ठिपके. एकदा एका मुलीनं विचारलं, वर फट तर त्रिकोणी आहे, मग खाली ऊन गोल का? वर पाहिलं. खरंच, फट वाकडीतिकडी. खाली पेढ्याएवढा गोल. आणि काचेच्या कौलाचा मात्र चौकोनच. मोठ्या छिद्रातून छिद्राचा आकार उतरतो, बारीक छिद्रातून उजेड देणाऱ्याचा. जमिनीवर पडलेला तो प्रत्येक गोल म्हणजे सूर्याचं चित्र होतं. सूचिछिद्र प्रतिमाग्राहक पुस्तकात पुठ्ठ्याच्या पेटीचा आहे. आम्ही त्याच्या आतच बसलो होतो, आजवर, न कळता.

ते मुलांना खरं वाटलं 26 डिसेंबर 2019 ला. सकाळी सूर्यग्रहण होतं. दक्षिणेत कंकणाकृती, आमच्याकडे खंडग्रास. गावात ग्रहणाला घराबाहेर पडत नाहीत, खात-पीत नाहीत, आणि पोटुशी बाई तर खिडकीही उघडत नाही. आदल्या आठवड्यात मी पालकांना भेटले. कुणाच्या श्रद्धेला हात लावला नाही. एवढंच सांगितलं की सूर्याकडे कुणीही बघणार नाही, आम्ही जमिनीकडे आणि भिंतीकडे बघणार आहोत. मुलं आठ वाजताच आली. सगळी नाही, पुष्कळ. ढग होते, मधूनच बाजूला होत होते. आणि मग पश्चिमेच्या भिंतीवर, एरवी जिथे गोल पडायचे तिथे, कोरी उमटल्या. बारीक, वळलेल्या, उजळ. एक, दोन, मग कितीतरी. बाहेर आंब्याच्या सावलीत पानापानांमधून तशाच शेकडो. मुलं ओरडत नव्हती. हात पुढे करून तळव्यांवर त्या कोरी झेलत होती. एका मुलाची आजी त्याला घरी न्यायला आली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढून. ती आंब्याखाली थांबली. नातवानं तिचा हात धरून तळवा उताणा केला. तळव्यावरच्या त्या कोरीकडे ती बराच वेळ पाहत राहिली, आणि मग न बोलता पायरीवर बसली.

संध्याकाळी नोंदी लिहिताना मी त्या निष्पत्तीपुढे थांबले. भीतीपासून मुक्ती. तिच्यासाठी चाचणी कशी काढायची, किती गुणांची, हे कुणी सांगू शकत नाही. मी नुसती तारीख लिहिली.

त्या वर्गात आणखी एक मुलगा होता. फेब्रुवारी लागला की काजूच्या बिया गोळा करायला तो आईबरोबर बागेत जाई; हजेरीपटावर त्याच्यापुढे ओळीनं रिकामे रकाने. पण शुक्रवारी दुपारी तो दारात उभा दिसायचा, हात चिकानं काळे झालेले, बिनपिशवीचा. खूण करायचा, तारीख लिहायचा, आणि मला विचारून परत जायचा. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं सांगितली आहेत. एक म्हणतं, ठरल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करा. लगेच पुढचं म्हणतं, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहा आणि लागेल तशी जादा मदत द्या. या दोन वाक्यांमध्ये जी जागा आहे, तिथे त्या मुलाचा शुक्रवार होता. मी त्या वर्षी त्याचं अपूर्णांकाचं टाचण वेगळं काढलं, काजूबियांच्या मापावर. वार्षिक परीक्षेत त्याला फार गुण मिळाले नाहीत. पण दोन फुल्यांमधलं अंतर त्यानं मीटर-सेंटिमीटरमध्ये बरोबर मोजून लिहिलं, आणि ती निष्पत्ती त्यानं गाठली होती. मी तशी नोंद केली.

आता त्या वर्गावर स्लॅब पडला आहे. इमारत पक्की झाली, गळती थांबली, वानरांचा त्रास गेला. मुलांच्या डोक्यावर सुरक्षित छप्पर आलं याचा मला आनंदच आहे. काचेचं कौल उतरवलं त्या दिवशी मी ते मागून घेतलं. लाल रेषा फरशीखाली गेली. पण निष्पत्ती तीच आहे, सावली कशी पडते ते मुलानं सांगायचं आहे, म्हणून आम्ही आता अंगणातल्या ध्वजस्तंभाची सावली मोजतो. वाट बदलली, टाचण नव्यानं लिहिलं. आमच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो आणि त्या दुपारी खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. मेच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा निकाल लागून सुट्टी पडलेली असते, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आभाळ भरलेलं असतं. तरी दरवर्षी ऑगस्टात आम्ही अंगणात जाऊन उभे राहतो, छत्र्या मिटून, वर न बघता, खांबाच्या पायाशी नजर ठेवून. आणि मेमध्ये सुट्टीतही काही मुलं आपणहून येतात.

हे सारं सुचायला वेळ लागतो. ही एवढीच गोष्ट मला आज तुम्हाला, इतका वेळ सोबत बसलात म्हणून, सांगायची आहे. निष्पत्तीचं एक वाक्य घ्यायचं, आपल्या वर्गातली मुलं डोळ्यांपुढे आणायची, त्यांच्या गावात, अंगणात, हंगामात त्या वाक्याकडे जाणारी वाट शोधायची, ती लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. हे काम शांत दुपारीच होतं. आणि माझ्या ओळखीच्या शिक्षकांची दुपार माहिती भरण्यात जाते. अमुक ॲपवर फोटो, तमुक लिंकवर आकडे, आज संध्याकाळपर्यंत, तातडीनं. मग टाचण बाजारात मिळणाऱ्या तयार पुस्तकातून उतरवलं जातं, जिथे पुन्हा तोच कल्पनेतला वर्ग असतो, ज्यात कधी पाऊस पडत नाही. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यातले कितीतरी जण माझ्याहून अधिक जाणते आहेत.

नव्या राष्ट्रीय आराखड्यानुसार पहिलीची पुस्तकं 2025 च्या जूनपासून बदलली. बाकीच्या इयत्तांचीही क्रमानं बदलतील. ध्येयं, क्षमता, निष्पत्ती पुन्हा नव्यानं लिहिल्या जातील, आणि त्या चांगल्याच असतील अशी माझी खात्री आहे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत 2009 पासून एक ओळ आहे: शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान 45 तास, आणि त्यांत तयारीचे तास धरलेले आहेत. तयारी हे कायद्यानं शिक्षकाचं काम मानलेलं आहे. तुम्ही पालक असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर पुढच्या सभेत एवढा एक विषय घ्या. आपल्या शाळेतल्या शिक्षकांना ते तयारीचे तास मिळतात का, ते विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.